रेंज डोंगराला विचारा

साताऱ्या-सांगलीला फिरत्या घराचं नवल नाही. माण, फलटणकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की घोड्यांच्या पाठीवर संसार लादतात आणि घाट उतरून कोकणात जातात. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड टाकून कृष्णाकाठी येतात आणि हंगाम संपेपर्यंत कोपीत राहतात. आता मेंढक्याच्या कमरेला आणि कोयत्याच्या शेजारीही स्मार्टफोन असतो. गावी आजीपाशी ठेवलेलं लेकरू रात्री व्हिडिओ कॉलवर दिसतं. पाणी कुठं, चारा कुठं, याच्या जोडीला आता रेंज कुठं, हेही मुक्कामाच्या हिशेबात आलं आहे.

त्याच रस्त्यांवर अलीकडं दुसऱ्या प्रकारची फिरती घरं दिसू लागली आहेत. कॅराव्हॅन म्हणजे आतच पलंग, ओटा, न्हाणीघर असलेली गाडी, आणि कॅम्पर ट्रेलर म्हणजे जीपच्या मागं जोडून ओढायची चाकांवरची खोली. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलं. घरून काम करायची सवय लागलेली माणसं सोमवारची मीटिंग कासच्या रस्त्याला गाडी लावून करावी, असा बेत करतात. बेत करताना पहिला प्रश्न येतो, ‘नेट मिळेल ना?’ आणि उत्तर म्हणून दुकानातून राउटर, अँटेना, महागडा फोन आणला जातो.

वस्तू लागतातच, पण त्यांचा नंबर नंतरचा. या दोन जिल्ह्यांत नेट मिळणार की नाही, हे ठरवतो डोंगर. गाडी नेमकी कुठं उभी केली, यात निम्मं काम होऊन जातं. ते का, हे समजून घेतलं तर बराच पैसा आणि मनस्ताप वाचेल.

डोंगराची सावली

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं आणि मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झवर, खेडोपाडी ऐकू येऊ लागलं. त्या लहरीची लांबी जवळजवळ २४० मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकाडाला वळसा घालते. म्हणून डोंगराआडच्या वस्तीतही साध्या ट्रान्झिस्टरवर बाजारभाव कळत.

मोबाइलच्या लहरी याच जातीच्या, पण फारच आखूड. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर, म्हणजे हातभर. ९०० मेगाहर्ट्झची ३३ सेंटीमीटर. फोर-जीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १८०० मेगाहर्ट्झची १७ सेंटीमीटरच्या आसपास, आणि फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३५०० मेगाहर्ट्झच्या जवळपास, तिथं लहर साडेआठ सेंटीमीटरची. लहर जितकी आखूड तितकी ती उजेडासारखी वागते. सरळ जाते, आडवं काही आलं की थांबते, आणि मागं सावली पडते. लांब लहरी कड्याच्या काठावरून थोड्या तरी खाली वाकतात, आखूड लहरी त्या मानानं फार कमी. म्हणून शहरात सुसाट पळणारं फाइव्ह-जी घाटात आधी जातं, मग फोर-जी जातं, आणि शेवटी कुठल्या तरी खालच्या पट्ट्यावरची एखादी काडी तग धरते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेकडं न वळता सह्याद्रीच्या कण्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडं वाहत जाते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वरचं हे खोरं म्हणजे दोन्ही बाजूंनी उंच धारा आणि मध्ये शिवसागर जलाशयाचं सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचं पाणी. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर गेलात की तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटरवर असता. तिथून बामणोलीला उतरलात की पाचशे मीटरहून अधिक खाली. तेवढ्या उतारात साताऱ्याकडचे सगळे टॉवर धारेच्या पलीकडं राहतात. तुमच्या फोनमध्ये बिघाड नसतो, तुम्ही डोंगराच्या सावलीत आलेले असता.

मग खोऱ्यातच टॉवर का नाहीत? टॉवर माणसांच्या मागं जातो. कोयना धरणात गावं उठली, माणसं पांगली, आणि उरलेल्या मोठ्या भागावर अभयारण्य आलं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. विरळ वस्ती, वनखात्याची परवानगी, वीज नेण्याचा खर्च, फायबर टाकण्याचा खर्च, या सगळ्याचा ताळा खासगी कंपनीच्या वहीत बसत नाही. अशाच सुटलेल्या गावांसाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्याची योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडं दिलं. म्हणून तापोळा, कांदाटी खोरं, बामणोली, चांदोलीच्या कडेची गावं अशा वाटा धरणार असाल, तर खिशात एक सिम बीएसएनएलचं असावं. शहरात ज्याला आपण विचारत नाही, तेच कधी कधी रानात उपयोगी पडतं.

सांगली जिल्ह्याचं गणित उलटं. शिराळ्याचा, चांदोलीकडचा पश्चिम टोकाचा भाग सोडला तर पुढं सगळं मोकळं. वाळवा, पलूस, मिरजेची सपाट काळी जमीन, दाट गावं, दाट टॉवर. आटपाडी-जतकडं वस्ती विरळ होते, पण माळ उघडा असतो. सपाट माळावर चाळीस मीटरच्या टॉवरचं क्षितिज पंचवीसेक किलोमीटर दूर असतं, त्यामुळं लांबचा टॉवरही ‘दिसतो’. इथं अडचण एकच, आणि ती गोड आहे. उसाच्या फडाला लागून गाडी लावली की डोक्यावर वाढलेली ओली पानं वरच्या पट्ट्यांच्या लहरी चाळणीसारख्या अडवतात. फडापासून थोडं सरकून, टॉवरच्या बाजूला उघडं राहील असं उभं राहावं. जतहून विजापूरच्या अंगाला गेलात की टेलिफोनचा महाराष्ट्र-गोवा विभाग संपून कर्नाटक लागतो. सिम तेच चालतं, मात्र फोनमध्ये डेटा रोमिंग चालू ठेवायला विसरू नका.

काड्यांवर विसंबू नका

फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं केलेलं चित्र असतं. एका फोनवर तीन काड्या दिसतात तिथं दुसऱ्यावर दोन. खरा आकडा आत असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि मग ‘सिम स्टेटस’ उघडलं की बहुतेक फोनांत सिग्नलची ताकद उणे आकड्यात, डीबीएममध्ये, दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून डायल केलं की तपासणीचा पडदा येतो.

हा आकडा वाचणं अवघड नाही. फोर-जीत उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे काम चालेल, उणे ११० च्या खाली खोकत चालेल, उणे १२० ला आशा सोडा. मोजमाप साधं बेरजेचं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तीनचा फरक म्हणजे ताकद निम्मी, दहाचा फरक म्हणजे दहावा हिस्सा.

एकदा करून बघण्यासारखा प्रयोग सांगतो. गाडीच्या बाहेर उभं राहून आकडा बघा. मग आत जाऊन दार-खिडक्या लावून बघा. पत्र्याचं अंग आणि आत उष्णता अडवायला लावलेला चकचकीत फॉइलचा थर या दोन्ही गोष्टी लहरी परत फेकतात. बाहेर उणे ९५ असेल आणि आत उणे १०८ झाला, तर तेरा डीबीचा फरक, म्हणजे ताकद विसाव्या हिश्शावर आली. टॉवर तोच, जागा तीच, फक्त पत्र्याचा डबा मध्ये आला. तोच फोन खिडकीच्या काचेला टेकवून ठेवा, आकडा बराचसा परत वर येईल. फायबरग्लासच्या अंगाच्या ट्रेलरमध्ये हा तोटा कमी असतो.

काड्यांची दुसरी गोम अशी, की त्या फक्त टॉवरचा आवाज मोजतात. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो, जत्रेतल्या कर्ण्यासारखा. फोनची ताकद मात्र साधारण पाव वॉटहून कमी. म्हणजे कर्णा तुम्हाला ऐकू येतो, तुमची कुजबुज त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून कमी रेंजमध्ये फोटो येतात पण जात नाहीत, आणि मीटिंगमध्ये तुम्हाला सगळे दिसतात पण तुम्ही कुणालाच दिसत नाही. पोचावं म्हणून फोन होता नव्हता तेवढा जोर लावतो, तापतो आणि बॅटरी पितो. दरीत मुक्काम असेल आणि रेंज नसेलच, तर फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाका. सकाळी तो जिवंत सापडेल.

उंच जागा म्हणजे चांगली जागा?

२०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर झोपडी बांधली होती. रेंजसाठी वर चढायचं, हे आपल्याला तेव्हापासून पाठ आहे. दरीतून धारेवर येणं बरोबरच, पण ते एका मर्यादेपर्यंत. अगदी माथ्यावर, चारी दिशा उघड्या असलेल्या जागी, काड्या पुऱ्या भरतात आणि नेट मात्र रडत चालतं.

कारण मजेशीर आहे. साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्या. दूरदर्शनचा मनोरा त्या किल्ल्यावर उभा राहिला, कारण तिथून सगळीकडं दिसतं. एकानं बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं असेल तर माथ्यासारखी जागा नाही. मोबाइलचा व्यवहार वेगळा. इथं शेकडो टॉवर त्याच ठरावीक पट्ट्यांवर बोलतात, एकमेकांच्या वाटेला जाऊ नये म्हणून आपापला भाग वाटून घेतात आणि अँटेना मुद्दाम खाली झुकवून ठेवतात. माथ्यावरच्या फोनला हे सगळे टॉवर एकदम ऐकू येतात. आठवडा बाजाराच्या मधोमध उभं राहून एकाचंच बोलणं ऐकण्यासारखी ही गत. आवाज भरपूर, अर्थ लागत नाही.

म्हणून मुक्कामाला अगदी माथा नको आणि दरीही नको. डोंगराच्या खांद्यावरची जागा बघावी, जिथून एक गाव किंवा एक टॉवर समोर दिसतो आणि बाकीच्या दिशा डोंगरानंच झाकलेल्या असतात. तुमच्या कामाच्या टॉवरसाठी डोंगर आडवा येत नाही, उलट बाकीचा गोंगाट अडवतो. गाव कुठं आहे हे रात्री दिव्यांवरून कळतं. टॉवर कुठं आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या २०१७ पासूनच्या संकेतस्थळावर बघता येतं. कंपन्यांनी आपापल्या व्याप्तीचे नकाशे जाहीर करावेत, असा नियम दूरसंचार नियामक ट्रायनं २०२४ मध्ये केला. निघण्याआधी वाटेतल्या मुक्कामांवर हे नकाशे एकदा ठेवून बघा. नकाशा कागदी अंदाज असतो, तरी कुठं मुळीच आशा नाही एवढं तरी तो प्रामाणिकपणे सांगतो.

गर्दी, पाऊस आणि धुकं

कासला फुलांचा बहर असतो तेव्हा, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, शनिवार-रविवारी पठारावर गर्दी लोटते. तेव्हा काड्या भरलेल्या असूनही फोटो हलत नाही. टॉवरची क्षमता ही पंगतीतल्या एका पातेल्यासारखी असते, बसलेल्या सगळ्यांत वाटली जाते. यावर कुठलीही अँटेना इलाज नाही. इलाज घड्याळात आहे. पहाटे साडेपाचला तेच नेट धावतं. मोठ्या फायली पाठवायच्या असतील तर रात्री उशिरा किंवा उजाडताना पाठवा. मीटिंग मंगळवारी ठेवता आली तर शनिवारी ठेवू नका.

‘पावसानं रेंज गेली’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. मोबाइलच्या पट्ट्यांवर पावसाचा आणि धुक्याचा थेट परिणाम अगदी किरकोळ. महाबळेश्वरच्या धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, फोनच्या लहरीला मात्र ते जवळजवळ नसल्यासारखंच असतं. खरं घडतं ते असं, की झाड पडून वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते, डिझेल वेळेवर पोचत नाही. कुठं दरड कोसळून फायबर तुटतं. टॉवर ते टॉवर जोडणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या काही दुव्यांना मुसळधार पाऊस झोंबतो. याचा व्यवहारी अर्थ, पावसाळ्यात वीज गेल्याबरोबर महत्त्वाचे निरोप उरकून घ्यावेत. टॉवर अजून बॅटरीवर जिवंत असतो.

गाडीतली मांडणी

आता वस्तूंकडं वळू. रोजचं काम गाडीतून करायचं असेल तर फोनच्या हॉटस्पॉटपेक्षा सिम घालायचा वेगळा राउटर बरा, आणि त्याला बाहेरची अँटेना जोडायची सोय असावी. फोर-जी, फाइव्ह-जीसाठी अँटेनाच्या किमान दोन तारा लागतात. इथं एक चूक हमखास होते. अँटेना छपरावर, राउटर पलंगाखाली आणि मध्ये पाच मीटर बारीक वायर. तशा वायरीत वरच्या पट्ट्यांवर निम्म्याहून अधिक ताकद वाटेतच विरते. राउटर छताजवळच्या कप्प्यात ठेवा, वायर शक्य तितकी आखूड आणि चांगली घ्या. मुक्कामाच्या जागी एका दिशेला रोखलेली अँटेना उपयोगी, चालत्या गाडीला चारी बाजूंनी घेणारी.

विजेचा हिशेब वहीवर करता येतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास, पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून हाती ६००. राउटर ८ वॉटचा धरला तर दिवसरात्रीत १९२. लॅपटॉप ५० वॉटनं पाच तास चालवला तर २५०. म्हणजे फ्रिज नसेल तर एक दिवस निघतो. राउटर इन्व्हर्टरवरून न चालवता १२ व्होल्टवर थेट जोडा, कारण इन्व्हर्टर स्वतःच वीज खातो. सोलर पॅनेल जतच्या उन्हात बॅटरी भरून काढील. श्रावणात पाचगणीला त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

सिम दोन कंपन्यांची हवीत, आणि दोन्ही वेगवेगळी. एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे एकाच विहिरीवर दोन पोहरे. नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या ग्रामीण टॉवरवर दुसऱ्या कंपनीच्या सिमलाही फोर-जी मिळावं, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. नेटवर्क हातानं बांधून ठेवलं असेल तर तिचा लाभ मिळत नाही.

जे परदेशात चालतं, ते इथं चालत नाही

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात कॅम्पर घेऊन फिरणारे आपले नातेवाईक हौसेनं दोन सल्ले देतात. पहिला, सिग्नल बूस्टर बसवा. भारतात खासगी माणसानं मोबाइल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर बसवणं बेकायदा आहे. असा बूस्टर तुमच्या आवाजाबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडं फेकतो आणि आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवतो. बाजारात राजरोस मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही. राउटरला जोडलेली साधी अँटेना वेगळी, ती स्वतः काही वाढवत नाही, फक्त चांगलं ऐकते.

दुसरा सल्ला उपग्रहाचा. परदेशात घेतलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय इथं वापरलं तर पोलिसांशी गाठ पडते. अशा फोनची रीतसर सेवा बीएसएनएलमार्फत परवानगी घेऊन मिळते. स्टारलिंकला भारतात दूरसंचार परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. तरी बाहेरून आणलेली थाळी इथं लावायची नाही, भारतातली सेवा आपल्या नावावर असेल तरच. शिवाय त्या थाळीला मोकळं आभाळ लागतं. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून सरकत जाणारे उपग्रह तिला सतत शोधावे लागतात. जतच्या माळावर आभाळ मिळेल, कोयनेच्या दाट झाडीत तेही वाटून मिळतं.

रेंज नसेलच तर

काही जागी नेट मिळणार नाही, आणि ते आधी मान्य केलेलं बरं. नकाशे घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा. जागा दाखवणारं जीपीएस उपग्रहांवरून चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही, लागतो तो फक्त पाठीमागचा नकाशा. यूपीआयवर विसंबून खिसा रिकामा ठेवू नका. लाँचवाल्याला आणि पिठलं-भाकरी करून देणाऱ्या मावशींना रोख पैसे द्यायची तयारी असू द्या. अडचणीत ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल तर तो कॉल जातो. आणि दरीत उतरण्याआधी, धारेवरच्या शेवटच्या रेंजला गाडी थांबवून घरी एक निरोप टाका: कुठं उतरतोय, केव्हा परत वर येणार. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात आणि कासच्या फुलांवर गाडी घालायला परवानगी नाही, मग तिथं रेंज कितीही चांगली असो.

शेवटी मेंढक्याची रीत तेवढी उचला. तो वाडा टाकण्याआधी जागा चालून बघतो. तुम्हीही अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. फोनमध्ये सिग्नलचा आकडा उघडा आणि गाडीभोवती शंभर पावलं चाला. कुठल्या कोपऱ्यात उणे ११२ आहे आणि कुठं उणे ९८, ते कळेल. तेवढ्या चालण्यात पाच हजारांची अँटेना वाचू शकते. मग हँडब्रेक ओढा.